तिसऱ्या दिवशी

गजरा गेल्याचं सुभानाला सकाळी भोंग्यावरून कळलं. खाणीत मेलेल्यांची तीन नावं वाचली गेली. दुसरं त्याच्या बायकोचं होतं.

साडेपाच हजार मीटर उंचीवरच्या त्या खाणीत हवा फार विरळ होती. साधा माणूस शंभर पावलांत खाली बसे. म्हणून कामगारांच्या शरीरात मेंढीचा एक जनुक बसवत. अंगातलं पुष्कळ रक्त गेलं की काही मेंढ्यांच्या नव्या तांबड्या पेशींत वेगळं हिमोग्लोबिन तयार होतं. ते प्राणवायू चटकन सोडतं. खाणीत त्याला ‘सैल रक्त’ म्हणत. पण जनुक जागा व्हायला आधी रक्त जावं लागे. दोन पहारेकरी कामगाराला बाकावर दाबून धरत आणि एक लिटर काढून घेत.

काही मेंढ्यांत हा बदल होतच नाही. रक्त काढल्यावर गजरा तिसऱ्या दिवशी आडवी पडली. सुभाना जातीचा मेंढपाळ. आडवं पडलेलं मेंढरू उठवून चालवायचं, एवढं त्याला ठाऊक होतं.

“ऊठ गं, पडून ऱ्हायलीस तर संपलीस,” म्हणत त्यानेच तिला काखेत धरून उभं केलं आणि पाळीवर धाडलं.

आता उद्या रक्त काढायला त्यांच्या मुलीची, सुगलाची बारी होती.

लोकर कातरायची कातर घेऊन तो जनुक बसवणाऱ्या डॉक्टर वसुधा मोकाशींच्या खोलीवर गेला. दारातल्या पहारेकऱ्याच्या मांडीत त्याने ती मुठीपर्यंत घुसवली, ओढून काढली आणि आतून कडी लावली.

“बाई, जनुक जागा हुनार का न्हाई, आधी कळत न्हाई?”

“नाही. रक्त काढल्यावरच कळतं. सुभाना, तो जनुक मी माझ्यातही बसवलाय.”

“अन् रगत कवा काढलं?”

डॉक्टर गप्प राहिल्या.

“मेंढरू बी आसंच गप ऱ्हातं.”

त्याने त्यांना बाकाला आवळलं, खाली घमेलं ठेवलं आणि मनगट कापलं. त्या किंचाळत राहिल्या. दार फोडेपर्यंत घमेल्यात बरंच रक्त साचलं होतं. पहारेकऱ्यांनी त्याच्या दोन्ही हातांची हाडं मोडली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच्या कोठडीत आल्या. मनगटाला पट्टी होती. नाकातली नेहमीची प्राणवायूची नळी नव्हती.

“जागा झाला,” त्या म्हणाल्या. “घमेल्यातलं मोजलं आम्ही. दोन लिटर. गजराचं आम्ही कमी काढलं होतं. आता सगळ्यांचं दोन काढणार.”

“अन् सुगला?”

“तुझ्या गोंधळामुळे तिची बारी लांबली.”

सुगलाचं रक्त अजून काढायचं होतं; आता दोन लिटर.