खांबापलीकडची रांग

किन्हीराजाच्या फाट्यावरून आत वळलं की दुतर्फा तूर लागते, आणि त्या तुरीच्या मधोमध एकाएकी हिरवंगार लॉन समोर येतं. नवखा माणूस तिथे गाडीचा वेग हमखास कमी करतो. मुलींची निवासी शाळा आहे ती. लॉन, त्याच्या कडेची बोगनवेल, धावपट्टी, खो-खोचं मैदान, सगळं धम्मदीपाच्या हातचं.

धम्मदीपा अनसिंगची. अकोल्याला उद्यानविद्या शिकली आणि नोकरीच्या मागे न लागता लोकांची अंगणं हिरवी करायच्या मागे लागली. मंगल कार्यालयं, डॉक्टरांचे बंगले, पेट्रोलपंपापुढची उगाचची बाग, जे काम मिळेल ते घ्यायची. शाळेचं काम मात्र तिला मनापासून आवडायचं. मंगल कार्यालयातलं गवत फोटोपुरतं असतं. इथे गवतावर, मातीवर रोज कोणीतरी पळायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. आठवडाभर ती शाळेतच एका खोलीत राहायची आणि रविवारी आईकडे जायची.

त्या वर्षी मुलींच्या विभागीय खो-खो स्पर्धा शाळेत व्हायच्या होत्या. क्रीडाशिक्षिका साक्षी मॅडमनी त्यासाठी कुठे कुठे खेटे घातले होते ते त्यांनाच ठाऊक. पावसाळा सरताच धम्मदीपाने मैदान उकरायला घेतलं. इकडची काळी माती उन्हात भेगाळते, भेगेत पोरींचे पाय मुरगळतात. म्हणून तिने खाली मुरूम घातला, वर चाळलेली पिवळी माती पसरली, पाणी मारलं. भाऊसिंग रोलर फिरवायचा. जवळच्या तांड्यावरचा हा वयस्कर गडी, बोलायला कंजूस आणि कामाला चोख. धम्मदीपा त्याला काका म्हणायची.

दाबलेली माती रात्रभर मुरली की सकाळी मैदान ताटासारखं दिसतं. त्या सकाळीही दिसत होतं. फक्त टोकाच्या खांबापलीकडे, खेळाच्या हद्दीबाहेर, दोन चवड्यांचे ठसे होते आणि त्यांच्यापुढे बोटांच्या टोकांचे. खो-खोत पोरी बसतात तसं कोणीतरी बसलं होतं. चवड्यांवर, उकिडवं, बोटं जमिनीला टेकवून, उठायच्या तयारीत. येणारं किंवा जाणारं पाऊल मात्र ओल्या मातीत एकही नव्हतं.

एखादी पोरगी उडी मारून बसली असेल, असं म्हणून तिने ठसे बुजवले. दुसऱ्या दिवशी ते परत होते, आणि त्यांच्या पुढे, खांबापासून आणखी दूर, दुसरी जोडी होती. पहिलीचं तोंड शाळेकडे होतं, दुसरीचं तुरीकडे. मैदानात पोरी एकीआड एक उलट्या तोंडाने बसतात, अगदी तसंच. धम्मदीपाने टेप लावून पाहिला. मैदानातल्या दोन चौकोनांमध्ये जेवढं अंतर तेवढंच इथेही होतं.

तिने साक्षी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, पोरी दिवसभर एवढ्या दमतात की रात्री कोणी उचलून नेलं तरी कळायचं नाही.

काही दिवसांत ती रांग मातीतून लॉनमध्ये शिरली. मातीतले ठसे बुजवता येतात, गवताचं तसं नसतं. जिथे जिथे बसल्याची खूण होती तिथलं गवत चप्प झालं होतं. तुडवलेलं लॉन संध्याकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं, हे मात्र उभं राहीना. धम्मदीपाने काट्याने माती मोकळी केली, बारीक रेती पसरली, खत दिलं, पाणी वाढवलं. आजूबाजूचं गवत तरारलं आणि ती जागा तशीच दबलेली राहिली. हात लावला की थंडगार लागायची, अगदी दुपारीसुद्धा.

एक दिवस तिच्या ध्यानात आलं की भाऊसिंग रोलर आणताना त्या रांगेला वळसा घालतो. सरळ वाट सोडून बोगनवेलीच्या कडेकडेने येतो.

"काका, मधातून काहून नाई आणत?" तिने विचारलं.

"माणसं बसेल हायत," तो म्हणाला. "त्यायच्या अंगावरून रोलर कसा नेऊ?"

हे त्याने अगदी सहज सांगितलं आणि रोलर पुढे ढकलला. पुन्हा तो विषय काढला नाही.

धम्मदीपा अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नव्हती. तिच्या आजोबांनी घरातला शेंदूर लावलेला दगड उचलून पायरीला बसवला होता, आणि त्या पायरीवर बसून ती लहानाची मोठी झाली होती. तरीही एका दुपारी ती जगदेवभाऊंकडे गेली. शाळेची जमीन पूर्वी त्यांची होती. चहा झाल्यावर तिने आडवळणाने विचारलं, तिथे आधी काय होतं?

"काईच नोहतं," जगदेवभाऊ म्हणाले. "सोयाबीन अन् तूर. ना विहीर, ना मसनवटा, ना कोणी कधी मेलं." थोडा वेळ आठवून पाहिलं आणि मान हलवली. सांगण्यासारखं काहीच नाही याचं त्यांनाच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

परत येताना धम्मदीपाला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एखादी जुनी गोष्ट निघाली असती तर तिच्यावर हसता तरी आलं असतं.

स्पर्धा जवळ आली तसा सराव वाढला. संघाची सगळी भिस्त नववीतल्या संस्कृतीवर होती. बारीक अंगाची, काटक पोरगी. खो मिळाला की बाणासारखी सुटायची. त्या दिवशी ती टोकाच्या चौकोनात, खांबाजवळ बसली होती. पाठलाग करणारी मुलगी पार दुसऱ्या टोकाला होती. धम्मदीपा लॉनच्या कडेला पाण्याचा पाइप सरकवत होती, त्यामुळे तिला सगळं स्वच्छ दिसलं. संस्कृतीच्या मागे कोणीही नसताना ती ताडकन उठली आणि धावत सुटली.

साक्षी मॅडमनी शिट्टी वाजवली. खो नसताना उठलीस, फाऊल झाला, म्हणाल्या, परत जागेवर जा. संस्कृती परत आली, पण चौकोनात बसली नाही. त्याच्या बाजूला बसली, अंग चोरून, बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरं माणूस बसतं तशी.

"चौकोनात बस, संस्कृती."

पोरीने एकदा शेजारी पाहिलं आणि खाली मान घातली. "जागा नाई, मॅडम."

बाकीच्या मुली हसल्या. साक्षी मॅडमही हसणार होत्या. मग त्या तिच्या मागे गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. धम्मदीपा पाइप टाकून जवळ आली. पोरीच्या पांढऱ्या टी-शर्टवर, पाठीच्या मधोमध, ओल्या मातीचा पंजा उमटला होता. मैदानावर त्या दिवशी पाणी मारलेलं नव्हतं.

त्यानंतर संस्कृती टोकाला बसेना. मग त्या मैदानावरच येईना. घरी फोन लावा, मला घेऊन जा म्हणावं, असं तिने वॉर्डनना सांगितलं. साक्षी मॅडम धम्मदीपाच्या खोलीत येऊन बसल्या. स्पर्धा दुसरीकडे हलवली तर शाळेला पुन्हा कोणी विचारणार नाही, आणि न हलवावी तर ही पोरगी गेली, असं त्यांचं झालं होतं. ती चांगली खेळली तर तिचं पुढचं शिक्षण खेळावर होईल, नाहीतर दहावी झाली की तिचं लग्न लावतील, हेही त्या जाताना म्हणाल्या.

धम्मदीपा त्यावर रात्रभर विचार करत राहिली नाही. सकाळी उठली आणि फावडं घेतलं. खराब झालेली जागा कशी काढायची ते तिला येत होतं, आणि हीही एक खराब झालेली जागाच, असं तिने स्वतःला बजावलं. रांगेतली एकेक खूण तिने मातीसकट उकरून काढली, खड्ड्यात नवी माती भरली आणि रोपवाटिकेतून आणलेले लॉनचे तुकडे गादीसारखे बसवले. भाऊसिंग दूर मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारत होता. आज तो मदतीला आला नव्हता आणि तिनेही बोलावलं नव्हतं.

उन्हं कलती झाली. शेवटचा तुकडा राहिला होता. तो नीट बसावा म्हणून ती चवड्यांवर बसली, एक हात जमिनीला टेकवला आणि दुसऱ्या हाताने कडा दाबू लागली. पाठीवर ऊन होतं. तुरीत पाखरं ओरडत होती.

मग ओरडायची थांबली.

पाठीवरचं ऊन गेलं. मागे कोणी उभं राहिल्यावर जातं तसं.

काका असतील, असं तिला वाटलं. पण भाऊसिंग समोरच होता, फक्कीचा डबा हातात धरून, मैदानाच्या पार त्या टोकाला.

पाठीवर हात पडला.

थंड होता. भिजलेल्या मातीचा वास आला, आणि कानाशी, अगदी हळू, आवाज आला.

"खो."

धम्मदीपा उठली. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं, अंगच उठलं. ती तोंड होतं त्या दिशेने चालू लागली. मागे पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. भाऊसिंग तिच्याकडे पाहत नव्हता. ती जिथून उठली त्या जागेकडे पाहत होता.

ती जवळ पोचल्यावर त्याने डबा खाली ठेवला. "ताई, मांगं पाहू नका," म्हणाला. "पोरगी सुटली आता."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी लॉन एकसारखं उभं होतं. मैदानावर एक ठसा नव्हता. संस्कृती सकाळी आपणहून आली, टोकाच्या चौकोनात बसली, हसलीसुद्धा. स्पर्धा झाल्या. साक्षी मॅडमच्या पोरी जिंकल्या, संस्कृतीचं नाव विभागाच्या संघात आलं. पाहुण्यांनी लॉनचं कौतुक केलं, कोणता वाण आहे ते विचारलं. धम्मदीपाने सगळ्यांना उभ्यानेच उत्तरं दिली.

तिला बसवत नव्हतं. पाय दुखत होते असं नाही, उलट अंग कधी नव्हे एवढं हलकं वाटत होतं. पण खुर्चीवर टेकली की पोटऱ्या शिवशिवायच्या. मांडवात ती मागे उभी राहून सामने पाहत होती, आणि केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपण सामने पाहतच नाही. आपण पुढे बसलेल्या लोकांच्या पाठी पाहतो आहोत. ती मांडवातून बाहेर पडली आणि कुंपणापाशी जाऊन थांबली.

रविवारी ती अनसिंगला निघाली. बसमध्ये बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, कंडक्टर दोनदा बसायला म्हणाला. ती पार पुढे, ड्रायव्हरच्या केबिनच्या दांड्याला धरून उभी राहिली. तिथून कोणाची पाठ दिसत नव्हती.

घरी आली तेव्हा फाटक उघडंच होतं. अंजनाबाई, तिची आई, अंगणात मेथी निवडत होती. तिचे गुडघे दुखायचे. पाटाशिवाय ती कधी खाली बसत नसे, आणि उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर देऊन, बाई गं म्हणत उठायची. आज पाट भिंतीला टेकवलेला होता. आई चवड्यांवर बसली होती, उकिडवी, फाटकाकडे पाठ करून.

धम्मदीपा फाटकातच थांबली. पाय पुढे निघाला होता, तिने तो मागे घेतला. दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घट्ट धरले. इथूनच हाक मारू, असं तिने ठरवलं. आई वळेल, मग आत जाऊ.

तिने तोंड उघडलं. पण हाक निघण्याआधीच आईच्या पाठीवरचा पदर पंजाच्या आकारात आत दबला.

"उठते वं, उठते," आई म्हणाली. "केवढा गार हात हाय तुहा."

ती उठली. गुडघ्यांना हात न लावता, एका झटक्यात, पोरीसारखी. मांडीवरची मेथी अंगणात सांडली. मागे वळून न पाहता, समोरच्या भिंतीकडे तोंड ठेवून, आईने अगदी साध्या आवाजात विचारलं,

"कोणाले धराचं हाय?"