चौथ्यानंतरचा ठोका

घरात त्याला ठोक्या म्हणत. लहानपणी तो ताट, टेबल, ताईची पाठ, जे हाती लागेल ते बडवायचा. मोठेपणी तोच धंदा झाला, तेव्हा घरच्यांनी तक्रार मागे घेतली आणि नाव तेवढं ठेवून घेतलं.

नाचघरांत वाजणारं संगीत तो करी, आणि त्यातही नावाजला होता तो तळाच्या आवाजांसाठी. एक किक, म्हणजे छातीत बुक्की बसावी तसा ठोका. दुसरा तिच्याखालून सरपटणारा बेस. हे दोघे म्हणजे अरुंद जिन्यात समोरासमोर आलेले लठ्ठ पाहुणे. एकाने अंग चोरलं नाही तर दोघंही अडकतात आणि वर यजमानाला नावं ठेवतात. म्हणून यंत्रात सोय केलेली असते: किक आली की बेसने क्षणभर मान खाली घालायची, ती गेली की पुन्हा वर काढायची. ऐकणाऱ्याला हे कळत नाही. नाचणाऱ्याच्या गुडघ्यांना कळतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत यंत्रं भारी होती, पण शेवटचा निकाल बाबांचा. बाबा चाळीस वर्षं मोटार मेकॅनिक. इंजिनांच्या गोंगाटात कान गेले, हात राहिले. बॉनेटवर तळवा ठेवून कुठला सिलिंडर कामचुकारपणा करतोय ते सांगत. आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते उजवा तळवा भिंतीला लावत, आणि मुलाचे ओठ वाचून उत्तरं देत.

मंगळवारी दुपारी नव्या गाण्यावर त्यांनी निकाल दिला. "किक बरी आहे. बेस आळशी आहे, पण तो तुझ्यावर गेलाय. हा पाचवा कोण?"

"पाचवा?"

"चार ठोके झाले की मागून एक येतोय. जड. पाय ओढत."

ठोक्याने पडद्यावर पाहिलं. ठोके चारच होते. मग त्याने कानाला न ऐकू येणारा अगदी तळाचा गाळ कापून टाकला. सगळेच कापतात.

"आता?"

"आता छान कळतोय. मधली गर्दी हटवलीस ना."

त्याने स्पीकर बंद केले. मग पंखा, मग फ्रिजसुद्धा. बाबांचा तळवा भिंतीवरच होता.

"आला," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "आला."

ठोक्याने शेजारी आपला हात ठेवला. भिंतीचा गारवा लागला, बाकी काही नाही. भिंतीपलीकडे शेजारी नव्हता, लिफ्ट नव्हती. तीन मजल्यांची मोकळी हवा होती, आणि अधूनमधून एक कबुतर, ज्याच्यावर संशय घेणं अन्यायाचं झालं असतं.

इथे त्याने जे केलं ते त्याच्या धंद्यातलाच माणूस करू जाणे. दोन आवाज एका जागी आले की एकाला वाट करून द्यायची, ही हाताला लागलेली सवय. त्याने चौथ्या ठोक्यानंतर बेसला मान खाली घालायला लावली. जागा रिकामी ठेवली.

बाबा खूश झाले. "आता कसा ऐटीत येतोय!"

बुधवारी तो पाचवा दर दोन ठोक्यांनी येऊ लागला. गुरुवारी बाबा खुर्चीतच दचकले.

"काय झालं?"

"काही नाही रे. बसल्या जागी खड्ड्यातून गाडी गेल्यासारखं वाटलं."

ठोक्या त्यांना तडक डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी हृदयाच्या आलेखाची पट्टी काढली, नाडी पाहिली आणि ठोक्याला म्हणाले, "यांचं हृदय तुमच्यापेक्षा तरुण आहे."

"मग याच्याशी बदलून द्या," बाबा म्हणाले. "याला तेवढं एकच चांगलं मिळायचं राहिलंय."

शुक्रवारी ऊन खोलीभर पसरलं होतं. स्पीकर बंद. बाबांचा उजवा तळवा भिंतीवर. ठोक्याने त्यांचं डावं मनगट धरलं.

एक. दोन.

"आला," बाबा म्हणाले.

बोटांखाली काहीच नव्हतं.

मग नाडी पुन्हा वर आली. एक. दोन.

"आला."

नाडीने पुन्हा मान खाली घातली.

ठोक्याला ही लय पाठ होती. जागा कोणी रिकामी करून दिली होती, तेही त्याला ठाऊक होतं. फक्त मंगळवारी त्याने ती क्षणाची ठेवली होती. आताची मोठी होती.

"बाबा, हात काढा."

"काढतोय," बाबा म्हणाले. हात निघाला नाही.

त्याने दोन्ही हातांनी ओढला तेव्हा निघाला. भिंत कोरडी होती, चिकटण्यासारखं काही नव्हतं. नाडी एकसारखी चालू लागली.

त्याच संध्याकाळी त्याने बाबांना ताईकडे नेऊन सोडलं.

"कंटाळलास ना बाबांना?" ताई दारातच म्हणाली.

"भिंतीला कंटाळलोय."

"वा! निमित्त तरी धड शोधायचंस."

शनिवारी सकाळी त्याने गाणं पुसून टाकलं. आधी किक, मग बेस, मग ती रिकामी जागा. पडदा कोरा झाला. तरी खात्री कशी होणार? बाबा सुटले की नाही, हे सांगायला यंत्राकडे काटा नव्हता. तो बाबांच्या खुर्चीत बसून राहिला.

बऱ्याच वेळाने ताईचा संदेश आला.

"बाबा मजेत. सकाळपासून घरातल्या सगळ्या भिंतींना हात लावून झाला, स्वयंपाकघरसुद्धा सोडलं नाही. म्हणतात, इथे कोणी नाही. नाडी मी स्वतः पाहिली, घड्याळासारखी आहे. तुला निरोप दिलाय: तो तिथेच राहिलाय. काही झालं तरी खुर्चीत बसू नकोस आणि भिंतीला हात लावू नकोस."

शेवटच्या ओळीवर त्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं क्षणभर मंद झाली, मग पुन्हा वर आली.

संदेश वाचायला ठोक्याला डावा हात पुरला. उजवा केव्हाचा भिंतीवर होता.