चौथा स्क्रू

"बाई, तुमचं पाणी फार जड आहे," वॉशिंग मशीनच्या मागून आवाज आला, "आणि तुम्ही मशीनची काळजी अजिबात घेत नाही."

मला फक्त दोन पाय दिसत होते. त्या पायांना काय माहीत, की मी शाळेत आठवीच्या वर्गाला दुष्फेन, म्हणजे जड पाण्याचाच धडा शिकवते! मी तसं सुनावलंसुद्धा. मग पाय सरकले आणि एक हसरा चेहरा वर आला. हातात मशीनचा हीटर होता, क्षारांच्या पांढऱ्या थराने चांगला मनगटाएवढा फुगलेला.

"फळ्यावर शिकवता... आणि घरी?"

मला असा राग आला, की मी त्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं. चूक तिथेच झाली, कारण मग मला नजर काढून घेता येईना.

त्याने नवा हीटर बसवला. दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत्त्व टाकून ते गरम पाण्यावर फिरवायचं, हेही शिकवलं. जाताना मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?"

"तारीख आणि नोंद. पुढच्या माणसाला मशीनचा स्वभाव कळावा म्हणून." त्याने झाकण लावलं आणि चारही स्क्रू मोजून पिळले.

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा वाटेत पावसात चिंब भिजला होता. मी टॉवेल पुढे केला.

"राहू दे हो... पावसाचं पाणी मऊ असतं. थर बसायचा नाही."

मला हसू आवरेना. चहाचा घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि आमची थर बसलेली विजेची किटली आतून घासून दिली. आई तर खूशच झाली. "मशीनवाला गुणाचा आहे हो," ती म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्यानंतर त्याने शाबासकी द्यावी म्हणून मी तारखा पाळून मशीन साफ करू लागले. इतकं, की मशीन बिघडायचं नावच घेईना! स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता मी. शेवटी फोन करून सांगितलं, मशीन आवाज करतंय.

त्याने झाकण उघडलं. हीटर लख्ख होता. त्याने हीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे...

"आवाज कधी येतो?"

"सकाळी... येत होता."

"मला नाही बाई कधी ऐकू आला," आतून आई म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण तो हसला नाही. हातातल्या स्क्रूशी चाळा करत म्हणाला, "मला दुसऱ्या शहरात बढती मिळतेय. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय. तिथलं पाणी मऊ आहे म्हणे."

"अरे वा... मग जायलाच हवं," मी म्हटलं. नका जाऊ, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण शाळेतला बाईपणा आडवा आला.

"हो ना," तो म्हणाला. या वेळी मार्कर बराच वेळ चालला. मग तो गेला, आणि मी दार लावून तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी आईने कपडे लावले तर मशीन खरंच खडखडायला लागलं. मागचं झाकण एका कोपऱ्यात सुटलं होतं आणि चौथा स्क्रू मशीनवर पडला होता.

"कामात लक्ष नव्हतं वाटतं आज," आई म्हणाली.

मी मशीन बंद करून प्लग काढला. झाकण नीट बसवायला ते पूर्ण काढावं लागलं. आत तीन तारखा होत्या आणि तीन नोंदी.

थर फार जाड. बाई रागीट.

थर कमी. चहा वाईट. बाई हसल्या.

थर नाही, बिघाड नाही. तरी बोलावलं. जाऊ नका म्हणतील, असं उगाच वाटलं.

डोळे भरून आले माझे. तशीच जमिनीवर बसून मी फोन लावला.

"जाऊ नका," मी म्हटलं. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून... रागासकट." हे काय बोलून गेले मी! मी घाबरून गेले आणि सवयीने ओरडलेच, "आणि कामात असा निष्काळजीपणा बरा नव्हे! एक स्क्रू लावायचा विसरलात!"

"बाई," तो हळूच म्हणाला, "नऊ वर्षं हे काम करतोय. आजवर एकही स्क्रू विसरलेलो नाही."

मी मशीनवरचा तो स्क्रू उचलून हातात घेतला.

"सोमवारी नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "आणि आता तो स्क्रू लावायला येतो... चालेल?"

मी 'हो' म्हणायच्या आधीच स्वयंपाकघरात आईने किटली चालू केली.