पायाळूची लाथ

तो आमच्या अंगणात आला तोच वाकून, त्यामुळे त्याचा चेहरा मला आधी दिसलाच नाही. दिसला तो निळा टी-शर्ट, त्याला चिकटलेली वाळू आणि कमरेवर घट्ट ठेवलेला एक हात. रविवारचे सकाळचे सात वाजले होते आणि मी अजून चहाही घेतला नव्हता.

"अपेक्षा, गो बाय, ह्या पावण्याची कंबार धरली हा," शेजारचा बाबू म्हणाला. समुद्राच्या बाजूला बाबूच्या तीन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. "काल लाटांत उडये मारल्यान, आता सरळ रवाक येत नाय. जरा पाय लाव."

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी माझे पाय बाहेर आले. त्यात माझी कर्तबगारी शून्य, पण आमच्या तोंडवली गावातल्या लोकांनी त्यावरून ठरवून टाकलं की माझा पाय पाठीला लागला की उसण पळते. उपाशीपोटी, उजवा पाय, तीन वेळा. मी पाच वर्षांची असल्यापासून लोक मला झोपेतून उठवून आपल्या पाठी माझ्यापुढे करत आले आहेत. आज मी मालवणला कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, रविवारी एक दिवस उशिरा उठावं म्हणते, तर हे. मला राग येतो. खरं सांगायचं तर मला बहुतेक गोष्टींचा राग येतो, पण याचा जास्त.

"तिकडे तोंड करा," मी पाहुण्याला म्हणाले.

"नाव तरी विचाराल..."

"लाथ मारायला नाव लागत नाही."

तो हसला आणि हसताना कळ आली म्हणून कण्हला. मी पपईच्या झाडाला धरून पाय उचलला. पहिल्या दोन हलक्या मारल्या. तिसरी जरा जोरात बसली, बाबूवरचा राग त्याच्या पाठीवर निघाला.

तो हळूच वळला. डोळे तपकिरी होते, आणि त्यात पाणी होतं. बिचाऱ्याला लागलं असणार. मी कधी कोणाला विचारत नाही ते त्याला विचारलं... "बरं वाटलं?"

तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

"खूप," तो म्हणाला. "जादू आहे हो तुमच्या पायात."

आणि मी, जिला असल्या बोलण्याची चीड आहे ती मी, लाजले. आत जाऊन त्याच्यासाठी घावनं आणली. तो ओट्याच्या कडेला टेकून खात होता आणि मी उगाच दारात उभी होते.

"आठवड्याला किती जणांना मारता?"

"मार खायच्या लायकीचे येतील तेवढ्यांना."

"मग मी पुढच्या रविवारी पण येतो."

ओट्यावर माझे बाबा, दत्ताराम, हे सगळं बघत बसले होते. तीस वर्षं त्यांनी रापणीचा दोर ओढला आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून गावाने मिळून ओढायचं जाळं, सगळा जोर कमरेवर येतो. कंबर त्यांची वरचेवर धरायची, पण गेले दोन महिने दुखणं थांबतच नव्हतं. ते माझ्या मागे लागायचे आणि मी नाही म्हणायचे. माझ्या पायात काही आहे यावरचा माझा विश्वास कधीच उडाला होता.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "पावण्याक गुण इलो मां? मगे बापाशीक कित्याक नाय?"

माझ्या कानात अजून ती 'जादू' होती. मी पाय उचलला.

"जोरान मार गो," बाबा म्हणाले. मी जोरात मारली.

सोमवारी सकाळी बाबा मागच्या दाराला गेले आणि त्यांची उजवी चप्पल उंबऱ्यातच राहिली. ती पायातून सुटलेली त्यांना कळलीच नाही. पाऊल घोट्यातून खाली लोंबत होतं. आई म्हणाली, "तेल लाव, बरा जायत."

कसालला हायवेलगत पाठीचे मणके बसवणारा कोणी नवा कायरोप्रॅक्टर आला आहे असं ऑफिसात ऐकलं होतं. कपाटातून आरोग्यविम्याची फाइल काढली, गणपतकाका एजंटांनी चार वर्षांपूर्वी दिली तेव्हापासून कोणी न उघडलेली. रिक्षा केली, आईबाबांना घेतलं, कसाल गाठलं.

आत टेबलामागे निळ्या टी-शर्टचा माणूस पांढरा कोट घालून बसला होता.

"तुम्ही?" दोघं एकदमच म्हणालो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतः मणक्यांचा डॉक्टर, आणि माझ्या दारात येऊन गंमत म्हणून लाथ खाऊन गेला. पाटीवर नाव होतं गुरुप्रसाद. आता नाव कळलं, भांडायला उपयोगी पडणार होतं.

पण तो माझ्याशी बोललाच नाही. त्याने बाबांना खुर्चीत बसवलं आणि पाऊल वर उचलायला सांगितलं. उचललं नाही. पावलावर कापूस फिरवला, बाबांना कळला नाही. लघवीला काही अडतंय का, ताप होता का, पडलात का, कोणी काही केलं का, असं विचारत गेला. शेवटच्या प्रश्नाला बाबा म्हणाले, "होडी वडताना झाला." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मी यांना हात लावणार नाही," गुरुप्रसाद म्हणाला.

"काय?"

"नस दबली आहे. अशा वेळी मणका झटक्याने बसवायला गेलं तर पाऊल कायमचं जाऊ शकतं. एमआरआय आणि सर्जन. आजच."

"रजा टाकून आलोय आम्ही. पॉलिसी आहे आमची. गणपतकाका म्हणाले, पाठीचं सगळं त्यात येतं."

"माझं काहीच येत नाही त्यात." त्याने फाइल उघडली आणि शांतपणे पानं चाळू लागला. त्या शांतपणाचाही मला राग आला. "बघा ना, इस्पितळात चोवीस तास दाखल झालं तर खर्च मिळेल असं लिहिलंय. कायरोप्रॅक्टरचं नावच नाही. माझ्याकडे येण्याआधी कंपनीला फोन करून विचारायला हवं होतं, आणि उत्तर लेखी घ्यायला हवं होतं."

"आणि तुम्हाला काय विचारायला हवं होतं?"

"कुठे शिकलास, असं. मी ऑस्ट्रेलियात पाच वर्षं शिकलो. मी एमबीबीएस नाही, औषधं देत नाही, ऑपरेशन करत नाही. आणि माझ्यासारखा कोणी तपासल्याशिवाय थेट मान-पाठ कडकडवायला लागला, तर उठून यायचं."

"मग आता उठतो."

"उठा. गाडी माझी आहे." त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला. "कोल्हापूरला मणक्यांचं इस्पितळ आहे, तुमच्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव दिसतंय. पाठदुखी पॉलिसी घेताना लिहिली होती हे बरं केलंत, तीन वर्षं थांबायची अट होती, तीही संपली आहे."

ते आईने लिहायला लावलं होतं. गणपतकाका नको म्हणत होते, तेव्हा आई त्यांच्याशी भांडली होती. माझा स्वभाव कुठून आला ते यावरून कळेल.

गाडीत तो कंपनीच्या हेल्पलाइनशी बोलत होता, मध्येच थांबून माझ्याकडून पॉलिसीचा नंबर विचारत होता. मी आकडे असे सांगत होते की जणू एकेक त्याला फेकून मारतेय. फोंडाघाटला, घाट चढायच्या आधी, तो पेट्रोल भरायला थांबला. बाबा मागे आडवे होते, आई त्यांच्या उशाशी. मी खाली उतरले. तो खाली उतरताना दाराला धरून, तोंड वाकडं करून उतरला. तेवढं मला पुरे झालं.

"पाठ अजून दुखतेय तुमची?"

"हो."

"मग काल बरं वाटलं म्हणालात ते?"

तो पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला वळला.

"तुमच्या त्या 'बरं वाटलं'मुळे बाबांनी मला लाथ मारायला लावली. होडीबिडी काही ओढली नाही त्यांनी. मी मारली. जोरात. आणि सकाळी..." पुढचं बोलता आलं नाही. मी पेट्रोलपंपावर, ट्रकवाल्यांच्या देखत रडत होते आणि रडण्याचाही राग येत होता. "का खोटं बोललात?"

"तुम्ही ज्या तऱ्हेने विचारलंत ना... नाही म्हणवेना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चूक झाली. मी ज्या कामाचा माणूस आहे त्यात ही चूक करायला नको होती."

"माझ्यामुळे झालंय का हे?"

हवेत पेट्रोलचा वास होता आणि पलीकडच्या टपरीवरून भजी तळल्याचा आवाज येत होता.

"'नाही' असं मी सांगू शकत नाही."

"खोटं बोला ना. काल बोललात तसं."

"आता नाही बोलणार. तुमच्याशी तर नाहीच."

मी त्याला त्या क्षणी दोन थोबाडीत मारू शकले असते. आणि त्याच क्षणी, घाट चढायच्या आधीच, माझं मन त्याच्यावर जडलं. लहानपणापासून सगळं गाव माझ्या पायाबद्दल गोड गोड खोटं बोलत आलं. खरं बोलून समोर उभा राहिलेला हा पहिलाच.

कोल्हापूरला एमआरआय झाला. विम्याच्या मंजुरीचा फॉर्म माझ्या हातात आला. त्यात एक रकाना होता, त्रास कशामुळे सुरू झाला.

"होडी वडताना, म्हणान लिव," बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले.

"तसाच लिव गो," आई म्हणाली. "लाथेचा लिवलंस तर कंपनी म्हणतली, घरच्यांनीच केल्यानी."

भीती मलाही तीच होती. मंजुरी नाकारली तर ऑपरेशन लांबणार, आणि लांबलं तर पाऊल जाणार. गुरुप्रसाद भिंतीला टेकून उभा होता. 'लिहा' म्हणाला नाही, 'लिहू नका'ही म्हणाला नाही. सर्जनबाई समोर होत्या. त्यांना खोटं सांगितलं तर त्या खोट्यावर चाकू चालवणार होत्या.

"मी लाथ मारली," मी मोठ्याने म्हणाले. "पायाळू आहे मी. दोन महिने पाठ दुखत होती, आणि काल संध्याकाळी मी लाथ मारली. आज सकाळी पाऊल उचलेना." आणि तसंच लिहिलं, शब्द न शब्द.

बाबांनी डोळे मिटून घेतले. सर्जनबाईंनी एमआरआयचा फोटो उजेडाकडे धरला. "मणक्यांमधली गादी बऱ्याच दिवसांपासून सरकत आली आहे," त्या म्हणाल्या. "लाथेने किती भर पडली, कोणीच सांगू शकणार नाही. सांगितलंत ते मात्र चांगलं केलंत."

कंपनीचे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं, तिसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात. दुपारी चारला मंजुरी आली. पाचला बाबांना आत नेलं.

नस मोकळी झाली, पण पाऊल किती परत येईल ते काळच ठरवणार होता. गुरुप्रसाद रोज कसालहून घाट चढून येत होता. कधी त्याच्या आईने दिलेला डबा आणायचा, कधी नुसताच यायचा. मी रोज भांडत होते. पेट्रोल जाळता, दवाखाना बंद ठेवता, पाठ दुखते तरी गाडी चालवता. तो ऐकून घ्यायचा आणि आईला चहा आणून द्यायचा.

पाचव्या दिवशी सकाळी नर्सने बाबांच्या तळव्याला पेनचं टोक लावलं आणि बाबा म्हणाले, "गुदगुल्यो होतत." आईने पदर तोंडाला लावला. मी बाबांचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाच सांगितलंय तुका मार म्हणान. तुझ्या एकटीचा नाय ता."

मी बाहेर आले. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, मांडीवर डबा.

"कळलं पावलाला," मी म्हणाले. "अजून उचलत नाही. पण कळलं."

त्याने डबा खाली ठेवला. त्याचेही डोळे भरले होते. "बरं झालं."

"माझा राग गेला नाही. तुमच्यावरचा पण नाही, माझ्यावरचा पण नाही."

"घालवूचो कशाक?" तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी मालवणीत बोलत होता. "माझो माझ्यार आसा, तो मिया ठेवतलंय. तुझो तू ठेव. पण अपेक्षा... माका तू आवडतंस. ह्या खरा आसा."

मी त्याच्या शेजारी बसले. बाक अरुंद होता, खांद्याला खांदा लागला, आणि दोघांपैकी कोणीच सरकलं नाही. आत बाबा नर्सला रापणीच्या गोष्टी सांगत होते.

"माका म्हायत आसा," मी म्हणाले. "आणि माका पण तुमी. पण परत कधी माझं मन राखायला खोटं बोललात, तर बघा."