उलटा वाहणारा ओढा

उमाकांत आमच्या नकाशाच्या कचेरीत पहिल्यांदा आला, तो भांडायलाच. अंगावर खाकी कपडे, बुटांवर नंदीबेट्टाच्या डोंगरामागच्या माळाची तांबडी धूळ.

"माझ्या ओढ्यावर लाल प्रश्नचिन्ह कुणी काढलं?"

"मी. तुमचा ओढा चढावर वाहतोय."

तो माळावर मोजणी करायचा आणि इथं बंगळूरला मी त्याच्या पेन्सिलीवर शाई फिरवायची... ओढे निळे, उंचीच्या रेषा तपकिरी. गुरांच्या कुरणातले सगळे ओढे पूर्वेला उतरत होते, आणि ह्याच्या एका ओढ्याचा बाण पश्चिमेला!

तो हसला. मग रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या टेबलाशी येऊ लागला. मी आमच्या बंगळुरी मराठीत 'स्वल्प थांबा', म्हणजे जरा थांबा, म्हटलं की पुणेरी मिशीत हसायचा. मला राग यायचा, आणि तो आला नाही तर जास्त यायचा.

प्रश्नचिन्हाचा निकाल जागेवरच लागणार होता. ओढा चुकला असेल तर मोजणी पुन्हा, म्हणजे उमाकांत महिनाभर इथंच. बरोबर असेल तर सोमवारी त्याची रवानगी निलगिरीला. मला माळावर ने म्हणून मी माझ्या थोरल्या भावाच्या, रघुपती अण्णाच्या मागे लागले. इतकी वर्षं ओढे गिरवले, पण एकातही पाय बुडवला नव्हता. अण्णा पुळियोगरेचा, चिंचेच्या भाताचा डबा घेऊन सोबत आला.

माळावर वारं नुसतं अंगाला झोंबत होतं. अण्णा चिंचेखाली बसला. मी आणि उमाकांत गवतात लपलेल्या त्या पाण्याशी गेलो. मी एक पिवळं फूल पाण्यात सोडलं आणि मनात म्हटलं, पूर्वेला जा... पूर्वेला जा.

फूल पश्चिमेला गेलं. गवळ्यांनी कधीकाळी उंचवटा खोदून पाणी गुरांच्या तळ्याकडे वळवलं होतं. चर गवताखाली झाकलेला, म्हणून उंचीच्या रेषांत दिसत नव्हता.

"तुमचंच बरोबर," मी म्हटलं. रडूच येत होतं. "सरी... बरं, प्रश्नचिन्ह खोडते."

जिंकलेला माणूस असा तोंड पाडून बसतो का?

"वसुमती, खरं सांगू? आज पहिल्यांदाच देवाला म्हणत होतो, माझं चुकू दे."

"का?" मला कळलं होतं, तरी ऐकायचं होतं.

"तुमच्यापासून लांब जायचं नाही म्हणून."

मी चपला काढून काठावर ठेवल्या. "मग हे अण्णाला सांगा. निलगिरीला जायच्या आधी."

"आत्ता?"

"डबा उघडायच्या आत. जेवल्यावर तो झोपतो."

तो टोपी सावरत निघाला. मी पाण्यात पाय सोडून बसले, पण डोळे चिंचेकडेच. अण्णानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि डब्यातला माझा वाटा उमाकांतच्या पानात वाढला.