पेराल्ताच्या नावाला धमकी का नाही?

हेवीवेट विजेतेपदाचा सौदा करायला जी माणसं टेबलाशी बसतात, त्यांना भीती म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. सिंहाची छाती घेऊनच ती जन्माला येतात.

मंगळवारी दुपारी दोन वाजता, फिलाडेल्फियात ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात, अशा दोन छात्या टेबलाखाली होत्या. टेबलावर एक खोकं टिकटिकत होतं.

एक छाती लढती भरवणाऱ्या मॉर्ट गेल्बरची, दुसरी विजेत्याचा मॅनेजर साल कार्बोन याची. विजेता लुशस बँट्री मात्र टेबलाच्या टोकाला, डाव्या बाजूला भिंत ठेवून बसला होता आणि शांतपणे सँडविच खात होता. दारात बॉक्सिंग आयोगाचे निरीक्षक एमेट पर्डी उभे होते. पळावं असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. पण पळायचं तर खोक्याकडे पाठ करावी लागली असती.

खोक्यातून घंटा वाजली. सालने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. काही झालं नाही. मिनिटभराने पुन्हा घंटा. मग बरोबर तीन मिनिटांनी आणखी एक.

पर्डींनी लांबूनच छत्रीच्या टोकाने झाकण उडवलं. आत किल्लीचं एक घड्याळ होतं आणि वर्तमानपत्राची अक्षरं कापून चिकटवलेली चिठ्ठी : ‘क्रूशी करार केलात, तर लुशस स्वतःच्या पायांनी घरी जाणार नाही.’

“तिसरी!” गेल्बर टेबलाखालून ओरडला. “आधी मॅकीचं नाव काढलं, चिठ्ठी आली. डुवालचं काढलं, चिठ्ठी आली. आता क्रू! आणि पाचपर्यंत प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहून सही दिली नाही, तर बॉक्सिंग संघटना विजेतेपद काढून घेणार आहे.”

“पोलिसांना बोलवा,” पर्डी म्हणाले.

“पोलिस आले की वार्ताहर येतात, वार्ताहर आले की टीव्हीवाले पळतात. तुम्हीच शोधा. निरीक्षक ना तुम्ही?”

“अहो, मी हातमोजे तपासतो!”

पण काम गळ्यात पडलं ते पडलंच. शेजारच्या खोलीत पर्डींनी पहिल्यांदा गेल्बरला बसवलं आणि दाराजवळची खुर्ची स्वतःला ठेवली.

“ही नावं कुणाकुणाला माहीत होती?”

“आम्हा तिघांना. चौथ्या कानाला नाही.”

“संशय?”

“सालवर. या तिघांऐवजी पेराल्ताशी लढत परवडेल, असं तो परवा म्हणाला.”

“पेराल्ताशी लढत झाली तर सालला काय मिळेल?”

“तिसरा हिस्सा. आठ लाख डॉलरांचा.”

“आणि क्रूशी झाली तर?”

“चाळीस लाखांचा.” गेल्बर थबकला. “म्हणजे साल नसणार. इतका मूर्ख तो रविवारीसुद्धा नसतो.”

“आणि लुशस?”

“माजलाय! सकाळी खालच्या उपाहारगृहात त्याच्या डाव्या हाताला बसून मी मिनिटभर हात पुढे धरला. भीक मागत असल्यासारखा. त्याने ढुंकून पाहिलं नाही.”

मग साल आला. लुशसला चौदाव्या वर्षापासून त्यानेच वाढवलं होतं. त्यालाही दाराजवळचीच खुर्ची हवी होती. त्यामुळे दोघांचं चटकन जमलं.

“प्रतिस्पर्धी कुणी निवडले?”

“मी. मॅकी, डुवाल, क्रू, तिघांचाही उजवा हात म्हणजे घण. लोक घण बघायलाच पैसे मोजतात.”

“पेराल्ता?”

“डावखुरा. शहाणा आणि कंटाळवाणा.”

“त्याच्या नावावर चिठ्ठी?”

“नाही आली.” सालने पर्डींची बाही धरली. “निरीक्षकसाहेब, माझ्या पोराला कुणी मारेल का हो?”

पर्डींनी हळूच बाही सोडवली. त्यांनी आयोगाच्या डॉक्टरला फोन लावला.

“लुशसची दृष्टी?” डॉक्टर खुशीत होता. “अप्रतिम! तक्त्यावरचा दिवा लावायच्या आधीच पठ्ठ्याने शेवटची ओळ वाचून दाखवली.”

पर्डींनी फोन ठेवला. आता जे करायचं होतं, त्यापुढे बॉम्ब परवडला असता.

पावणेपाचला टेबलावर करार पसरला होता. गेल्बरने पेन उघडलं. “क्रू, चाळीस लाख. धमक्या काय, प्रत्येक विजेत्याला येतात.” लुशस दुसरं सँडविच तोंडाशी धरून समोर बघत राहिला.

पर्डी पोट आत ओढून भिंत आणि लुशसची खुर्ची यांच्या मधल्या फटीत शिरले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच मूठ वळली. ती त्यांनी जगज्जेत्याच्या डाव्या गालापासून चार बोटांवर नेली. या माणसाच्या एका ठोशाने भलेभले झोपले होते, त्यातले दोन तर आठवडाभर. पर्डींनी मूठ वर नेली, खाली नेली.

लुशस मोहरी चाटत होता.

सालचा चेहरा पांढराफटक पडला.

“दिसतंय ना, साल?” पर्डींनी कापऱ्या आवाजात विचारलं.

डावीकडून आवाज येताच लुशस एवढा दचकला की कॉफी करारावर सांडली. पर्डी आपणहून जमिनीवर बसले. पुढचं सगळं त्यांनी तिथूनच सांगितलं.

“पैसे कमी मिळावेत असं वाटणारा माणूस या धंद्यात भेटायचा नाही. म्हणून मी पैशाचा नाद सोडला. भीती कुणाला वाटते, तेवढंच पाहिलं. त्या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. नावं तुम्हा तिघांनाच माहीत. घड्याळ तीन मिनिटांनी वाजतं, मग एका मिनिटाने. एक फेरी, एक विश्रांती. म्हणजे ते जिममधलं. टिकटिक ऐकून तुम्ही दोघं खाली गेलात, हा खात बसला. तुम्हाला वाटलं, काय हे धैर्य! बॉम्ब नाही हे ठाऊक असलं की धैर्याला काय लागतं? धमकी फक्त उजव्या घणांच्या नावावर. तो घण समोरच्याच्या डाव्या डोळ्यावर येतो, आणि लुशसचा डावा डोळा गेलाय. डावखुऱ्या पेराल्ताचा ठोसा येतो उजवीकडून. तो दिसतो. डॉक्टरचा तक्ता पाठ केला होता. चिठ्ठ्या लुशसनेच पाठवल्या.”

लुशसने सँडविच खाली ठेवलं.

“मार्चपासून,” लुशस म्हणाला. “आधी धूर होता. आता पडदाच.”

“मला का नाही सांगितलंस रे, लेका?” सालने विचारलं.

“तुम्ही लढणं थांबवलं असतं, काका.”

“थांबवलंच असतं!”

“मग मी कोण उरलो असतो? आणि क्रू नको म्हटलं असतं, तर जग भित्रा म्हणालं असतं. आहेच मी भित्रा. क्रूचा उजवा हात मला रोज स्वप्नात दिसतो. जागेपणी दिसायचा नाही, तीच तर भीती.”

“पेराल्ताशी अजूनही…” गेल्बरने सुरुवात केली. सालने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. गेल्बरने पेनला टोपण लावलं.

लुशसने खिशातून बॉक्सिंगचा परवाना काढून पर्डींच्या हातात दिला. पर्डींनी तो न बघता घडी करून ठेवला आणि टेबलाचा पाय धरून उठले. पाच वाजले. जगातलं हेवीवेट विजेतेपद रिकामं झालं.

ते दारापर्यंत पोचले, तोच मागून लुशसचा आवाज आला.

“साहेब…”

“काय?” पर्डी दचकून म्हणाले.

“माझा भाऊ गाडी घेऊन रस्त्यापलीकडे थांबलाय. वाहनं डावीकडून येतात हो. तेवढा रस्ता ओलांडून द्याल का?”