ट्रॉम्सोची दुपार

राजाराम मास्तरांनी कडेगावात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि बत्तीस वर्षं एकच गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली. उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पण ते स्वतः पाहिलं मात्र नव्हतं. न पाहिलेलं शिकवायचं म्हणजे न जेवता ढेकर देण्यासारखं, असं ते म्हणायचे. शेवटी पेन्शनीत तीन वर्षं गेल्यावर त्यांनी मनावर घेतलं. नॉर्वे देशातलं ट्रॉम्सो हे गाव, डिसेंबरच्या शेवटी, सहा दिवस, दोघं नवराबायको.

भामाबाईंना कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. त्यांनी पंचवीस वर्षं अंगणवाडीतली पोरं सांभाळली आणि त्याहून जास्त वर्षं मास्तरांना सांभाळलं. "तुमचा जीव तिथं अडकलाय न्हवं? मग चला," एवढंच त्या म्हणाल्या.

पासपोर्ट झाले. पुण्याला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन झाले. साताऱ्यातल्या तिबेटी स्वेटरवाल्याकडून दोन जाडजूड कोट आले. मिरजेच्या दवाखान्यात नर्स असलेल्या लेकीनं, स्वप्नानं, आतून घालायचे गरम कपडे पाठवले. भामाबाईंनी शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरली.

आता मास्तर म्हटल्यावर शिकवल्याशिवाय त्यांना राहवतंय होय! शाळेत त्यांची एक पद्धत होती. मैदानात चुन्यानं नकाशा आखायचा आणि पोराला त्यावर उभं करायचं. "डोळे मिट. आता तू दिल्लीत आहेस. काय दिसतंय?" पोरंही बिनदिक्कत सांगायची. तसाच नकाशा मास्तरांनी नोव्हेंबरात गच्चीवर आखला. दक्षिणेच्या कठड्याशी कडेगाव आणि उत्तरेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, ट्रॉम्सो. भामाबाई दुपारी कपडे वाळत घालायला वर आल्या, की मास्तर त्यांना रोज एकेक पाऊल उत्तरेला सरकवायचे.

"आता तू श्रीनगरला. कसं वाटतंय?"

"गार वाटतंय," भामाबाई हसून म्हणाल्या. "आन खाली भाजी करपतीया."

गच्चीच्या मधोमध मास्तरांनी एक मीटरपट्टी उभी केली होती. उत्तरेला जावं तसा दुपारचा सूर्य खाली जातो आणि सावली लांबते. त्यामुळं भर दुपारची सावली मोजली, की माणूस पृथ्वीवर किती उत्तरेला उभा आहे ते कागदावर काढता येतं. हा प्रयोग ते दरवर्षी पोरांकडून करून घ्यायचे. पट्टीचं उत्तर रोज बरोबर कडेगाव यायचं.

डिसेंबरच्या पाच तारखेला त्यांचं लक्ष भामाबाईंच्या सावलीकडे गेलं.

भामाबाईंची उंची पाच फूट. त्या दिवसांत दुपारी त्यांची सावली चार फुटांच्या आसपास पडायला हवी. मास्तरांनी टेप लावला, तर साडेसात फूट भरली. टेप चुकला असेल म्हणून पुन्हा लावला. मग स्वतःची सावली मोजली, टाकीची मोजली. त्या जागच्या जागी होत्या. मास्तर खाली आले, वहीत गणित मांडलं आणि आलेलं उत्तर पुन्हा पडताळलं. श्रीनगर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भामाबाईंना नकाशातल्या कडेगावावर उभं केलं. सावली आठ फुटांवर गेली. आठ तारखेला नकाशाच्या बाहेर, जिन्यापाशी उभं केलं. सव्वादहा फूट. म्हणजे ताश्कंदच्या रेषेवर.

"आवं, मला असं रोज काय मापताय?" भामाबाई म्हणाल्या. "कोट तर घेऊन झालाय."

मास्तरांनी त्यांचा हात हातात घेतला. भर उन्हात उभ्या राहिलेल्या बाईचा हात गार होता.

चौदा तारखेला सावली अख्खी गच्ची ओलांडून उत्तरेच्या कठड्यावर चढली. मॉस्कोच्या आसपास. मास्तरांनी फोटो काढला आणि स्वप्नाला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"आण्णा, आई किती छान आलीये. संध्याकाळचं ऊन पडलंय ना?"

मास्तरांनी घड्याळात पाहिलं. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. समोरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडे चालला होता. "हं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मास्तर भ्याले. आयुष्यात मुलांना कशालाच भ्यायचं नाही असं सांगत आलेला माणूस, पण आता खोटं कशाला बोला, चांगलाच भ्याला. त्या दुपारी त्यांनी टूरवाल्याला फोन करून सहल रद्द केली. मग बादली आणि खराटा घेऊन गच्चीवर गेले आणि सगळा नकाशा घासून धुऊन काढला. कडेगाव गेलं, श्रीनगर गेलं, ट्रॉम्सो गेलं. पांढरं पाणी पन्हाळीतून खाली परसात पडत राहिलं.

भामाबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "एवढी तयारी केली आन आता न्हाई म्हनताय? बत्तीस वर्षांचा तुमचा हट्ट."

"मला काही बघायचं नाही," मास्तर म्हणाले. "मला तू इथं पाहिजेस."

"मी कुठं चाललीया?" भामाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला.

सावली थांबली नाही.

मास्तरांनी गच्चीला कुलूप लावलं, तर ती अंगणात लांबली. अंगणात जाऊ दिलं नाही, तर दारातून आलेल्या उन्हात स्वयंपाकघरभर पसरली. अठरा तारखेनंतर त्यांनी टेप लावायचं सोडलं. गणित मात्र डोक्यात चालूच राहिलं. याच चालीनं बावीस तारखेला भामाबाई अशा जागी पोचणार होत्या, जिथं दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली असतो.

बावीसला सकाळपासून मास्तर भामाबाईंच्या मागंमागं होते. भामाबाईंनी चहा केला, भाकरी थापल्या, स्वप्नाशी फोनवर गप्पा मारल्या. सगळं रोजच्यासारखं. साडेबाराच्या सुमाराला मास्तर हात धुवायला मोरीत गेले आणि बाहेर आले तर खिळ्यावर गच्चीची किल्ली नव्हती.

ते धापा टाकत वर गेले.

ऊन लख्ख पडलं होतं. टाकीची सावली होती. पट्टीची होती. त्यांची स्वतःची पायापाशी होती.

भामाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. अंगात तो साताऱ्याचा कोट होता. त्यांच्या पायापाशी फरशी कोरी होती.

त्या दोरी चाचपडत होत्या.

"भामा," मास्तर म्हणाले.

"आलात व्हय? जरा लाइट लावा की. लय अंधार पडलाय."

जिन्याच्या तोंडाशी बल्ब होता. मास्तरांनी बटण दाबलं. उन्हात तो बल्ब पेटलेलासुद्धा कळला नसता.

पण भामाबाईंच्या मागं टाकीच्या भिंतीवर त्यांची सावली पडली. काळी, ठळक, त्या बल्बाची.

"हां, आता दिसतंय," त्या म्हणाल्या. कपडे खांद्यावर टाकून त्यांनी मान वळवली आणि इकडंतिकडं पाहिलं. मास्तर दोन पावलांवर, भर उन्हात उभे होते.

"आवं, कुठं हाय तुमी?" भामाबाई म्हणाल्या. "जरा उजेडात या की."